दर दोन तासांनी

कबड्डीत चढाईला जाणारा एकटा असतो.
मागे सहा जण उभे, पण मध्यरेषेपुढे
त्यांतल्या एकालाही पाऊल टाकता येत नाही.
नियमच आहे तसा.
त्याला वाचवायचं तर
रेषा ओलांडायच्या आधी वाचवावं लागतं.
हे मला इतकी वर्षं शिकवून कळलं
असं म्हणायला आवडलं असतं.
मला ते तिप्पण्णानं शिकवलं.

प्रणीत म्याकल, वय सतरा,
वजन त्रेपन्न, तेही जेवून.
विडी घरकुलातला.
एप्रिलच्या दुपारी मैदान तव्यासारखं तापतं,
बाकीची पोरं टँकरच्या सावलीला सरकतात,
तेव्हा हा एकटाच कंपाउंडच्या भिंतीला शिवून
मागं उडी मारायचा,
पुन्हा शिवायचा,
जणू त्या भिंतीला हात होते.

उपांत्य सामना. डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला,
दुसरा वरून कोसळला,
आणि पोराचं डोकं कुणाच्या तरी गुडघ्यावर
असं वाजलं
की अध्यक्षांनी शेंगा सोलणं थांबवलं.
हात मात्र रेषेला पोचला होता. दोन गुण.
एकतीस-तेहतीस. अडीच मिनिटं बाकी.
सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडू लागलं
आणि अध्यक्षांनी पुढची शेंग घेतली.

तो उठला. माती झटकली.
"ठीक आहे, सर."
मी विचारलं, स्कोअर काय?
त्यानं कालच्या सामन्याचा सांगितला.
अगदी बरोबर सांगितला.

मी बदली खेळाडूची खूण केली.
"अहो बिराजदार," अध्यक्ष मागून म्हणाले,
"श्वास चालू आहे ना त्याचा?"

अकरा वर्षांपूर्वी
अशाच एका "ठीक आहे, सर"वर मी विश्वास ठेवला होता.
ठेवला कसला, मला तो हवाच होता.
तो सामना आम्ही जिंकलो.
चषक मंडळाच्या कपाटात आहे,
त्यात आता खिळे, गुडघ्याचे पट्टे, एक बंद पडलेली शिट्टी.
तिप्पण्णा चादरीच्या कारखान्यात होता.
तुटलेला धागा त्याला सापडायचा,
गाठ कशी मारतात ते सापडायचं नाही.
आता घड्या घालतो.
भेटलो की हसतो, चहा पाजतो,
आणि नाव विचारतो. माझं.

आम्ही एका गुणानं हरलो.
प्रणीतनं जर्सी काढून माझ्या पायाशी टाकली,
मग रिक्षात, सिव्हिलच्या अलीकडं,
माझ्या मांडीवर ओकला.
डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला, आत काही दिसत नाही,
पण आज रात्री झोपू देऊ नका सलग,
दर दोन तासांनी उठवा.

भाग्यलक्ष्मीबाईंनी कोण जिंकलं ते विचारलं नाही.
मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं.
मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या,
"फाटकं पान मी वळतच नाही, सर.
कारखान्यात छाट निघते, त्याच्या आधी
मीच बाजूला काढते.
हजारात चार कमी भरल्या तर भरल्या."
एवढं बोलून त्या आत गेल्या.

मी पायरीवर बसून राहिलो.
दोन गल्ल्या पलीकडं माग चालू होते,
तो आवाज ह्या वस्तीत कुणी ऐकत नाही,
पावणेदोनला लाईट गेली
तेव्हाच सगळ्यांना ऐकू आला.
त्या शांततेत माझ्या पोटात गोळा आला.
दोन वाजायची वाट न बघता मी दार ढकललं.

आई आधीच त्याच्या उशाशी होती.
"ले, नान्ना, ले," म्हणत होती,
कपाळावरचे केस मागं सारत.
तो हललाच नाही.
मग हलला.

मी विचारलं, नाव?
"म्याकल प्रणीत."
कुठं आहेस?
"घरी. गरम होतंय."
सामना काय झाला?
तो भिंतीकडं वळला.
बराच वेळ गेला.
"हरलो. एका गुणानं. तुमच्यामुळं."

तिन्ही उत्तरं बरोबर होती.
मी मोबाइलवर चारचा गजर लावला.